किरकोळ लागलं, पण इंग्रजीत नेमकं काय लिहायचं? स्क्रॅच, कट, ब्रूज, स्प्रेन यातला फरक



या आठवड्याचा व्हिडिओ थोडा वेगळा होता. सेल्स नाही, जीएसटी नाही, स्टॉक मॅनेजमेंट नाही. विषय होता दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये कुणाला काही लागलं, तर ते इंग्रजीत लिहायचं कसं. व्हिडिओत सगळे शब्द पटापट येऊन गेले, म्हणून इथे निवांत लिहून देतोय. सेव्ह करून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खा लेख कशाला? पट्टी बांधली, विषय संपला. बरोबर आहे, शंभरातल्या बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. पण ज्या वेळी संपत नाही, त्या वेळी तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलेली ती एक ओळ सगळ्यात महत्त्वाचा कागद होऊन बसते. इन्शुरन्सवाला ती वाचतो, डॉक्टर वाचतो, मोठ्या कंपनीचे व्हेंडर असाल तर त्यांचा सेफ्टी ऑफिसर वाचतो. यातल्या कुणीच त्या वेळी तुमच्या दुकानात नव्हतं. त्यांना फक्त तुमचे शब्द दिसतात.

आमच्या एका बॅचमधल्या फॅब्रिकेशनवाल्या दादांचा किस्सा सांगतो. त्यांच्याकडच्या पोऱ्याच्या उजव्या तळपायात जुना खिळा घुसला. रक्त फारसं आलं नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, ‘मायनर स्क्रॅच ऑन लेग. फर्स्ट एड गिव्हन.’ चौथ्या दिवशी पाय सुजला, ताप आला, ॲडमिट करावं लागलं. पोरगा दहा दिवस घरी. कामगारांची पॉलिसी काढलेली होती, म्हणून क्लेम टाकला. हॉस्पिटलच्या पेपरवर होतं, ‘पंक्चर वूंड, सोल ऑफ राइट फूट’. इन्शुरन्स कंपनीने विचारलं, तुमच्या रजिस्टरमध्ये लेगवर ओरखडा आहे आणि इथे तळपायात खोल जखम आहे, मग ही तीच घटना कशावरून? पुढे खुलाशाचं पत्र, सोबतच्या कामगारांचे जबाब, डॉक्टरांचं सर्टिफिकेट. पैसे मिळाले, पण दोन महिन्यांनी. तोपर्यंत त्या पोराचं घर उधारीवर चाललं.

त्या एका ओळीत तीन शब्द गडबडले होते: ‘स्क्रॅच’, ‘लेग’ आणि ‘मायनर’. म्हणजे काय लागलं, कुठे लागलं आणि किती लागलं. आपण याच तीन भागांत जाऊ.

भाग १: काय लागलं?

मराठीत आपल्याकडे शब्दांची कमी नाही. खरचटलं, कापलं, टोचलं, सोलपटलं, चेंगरलं, मुरगळलं, पोळलं, मुका मार बसला, खोक पडली, टेंगूळ आलं. बोलताना आपण अगदी नेमका शब्द वापरतो. इंग्रजी लिहायला घेतलं की मात्र सगळ्याचं एकच होतं, ‘इंजुरी’. म्हणून माझी ट्रिक अशी आहे: आधी मराठीत नेमकं काय झालं ते स्वतःशी बोला, मग त्याचा इंग्रजी जोडीदार शोधा. आणि पहिला प्रश्न एकच विचारा, कातडी फाटली का?

कातडी फाटली असेल तर हे शब्द:

स्क्रॅच म्हणजे ओरखडा. एक बारीक रेघ, वरच्या वर. मांजराने नख मारलं, बाइंडिंग वायरचं टोक घासून गेलं. खोल काही नाही.

ग्रेझ किंवा स्क्रेप म्हणजे खरचटणं. रेघ नाही, जागा. बाइकवरून पडलो आणि कोपर रस्त्यावर घासलं, वरची साल निघाली, की झालं ग्रेझ. ब्रिटिश लोक ग्रेझ जास्त म्हणतात, अमेरिकन स्क्रेप. डॉक्टरच्या कागदावर याच गोष्टीला ‘अब्रेजन’ असं नाव असतं.

कट म्हणजे कापलं. धारदार वस्तू लागते: कटर, पत्र्याची कड, काच, ब्लेड. कडा सरळ असतात. इथे एक सावधगिरी. ग्रुपवर घाईत ‘वर्कर फिंगर कट’ असं टाकू नका. वाचणाऱ्याला वाटू शकतं की बोट तुटलं. ‘कट ऑफ’ म्हणजे तुटून वेगळं होणं. साधं कापलं असेल तर ‘अ कट ऑन हिज फिंगर’ लिहा. त्या ‘ऑन’मुळे सगळा गोंधळ मिटतो.

लॅसरेशन म्हणजे फाटलेली जखम. धारेने नाही, तर आपटून किंवा ओढून कातडी फाटते, कडा वेड्यावाकड्या असतात. शटर डोक्यात बसलं आणि खोक पडली, ते लॅसरेशन. साध्या बोलीत मोठ्या, खोल, उघड्या जखमेला ‘गॅश’ म्हणतात. पोलीस केस किंवा मेडिको-लीगल कागदात कट आणि लॅसरेशन यातला फरक महत्त्वाचा असतो, कारण त्यावरून धारदार वस्तू लागली की बोथट, ते कळतं. म्हणून हा शब्द डॉक्टरने लिहिलेला असेल तरच कॉपी करा. आपण ‘डीप कट’ किंवा ‘टॉर्न स्किन’ लिहिलं तरी चालतं.

पंक्चर वूंड म्हणजे टोचून झालेली खोल जखम. खिळा, तार, ड्रिलचं बिट, सुई. बाहेरून छोटंसं भोक दिसतं, रक्तही कमी येतं, म्हणून लोक ‘काही नाही’ म्हणून सोडून देतात. पण घाण आत खोलवर जाते आणि धनुर्वाताचा धोका असतो. म्हणून हा शब्द बरोबर लिहिणं सगळ्यात गरजेचं आहे. तो वाचला की पुढचा माणूस टिटॅनसच्या इंजेक्शनबद्दल विचारतोच.

स्प्लिंटर म्हणजे लाकडाची किंवा धातूची बारीक शिलक आत रुतणं. आपण ‘कुसळ गेलं’ म्हणतो ते. प्लायवूड हाताळणाऱ्यांना रोजचं आहे.

एक उच्चार लक्षात ठेवा. जखम या अर्थाचा शब्द ‘वूंड’ आहे. ‘वाउंड’ म्हटलं तर तो वायर गुंडाळण्याचा भूतकाळ होतो.

कातडी फाटली नसेल तर:

ब्रूज म्हणजे मुका मार लागून काळंनिळं पडणं. कातडी शाबूत असते, पण खालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साठतं. आधी लालसर, मग निळं-जांभळं, मग हिरवट-पिवळं होत जातं. डॉक्टर याला ‘कंट्यूजन’ लिहितात. लगेच लिहीत असाल आणि अजून काळंनिळं दिसत नसेल, तर ‘पेन अँड स्वेलिंग आफ्टर अ ब्लो’ असं लिहा. ब्रूज उमटायला वेळ लागतो.

बंप म्हणजे टेंगूळ. कपाटाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं, ‘अ बंप ऑन हिज फोरहेड’. पण डोक्याला लागलं असेल तर फक्त बंप लिहून थांबू नका. चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, थोडा वेळ शुद्ध हरपणं, यातलं काही झालं का तेही लिहा आणि डॉक्टरकडे पाठवा.

पिंच म्हणजे चिमटणं, क्रश म्हणजे चेंगरणं. दोन्हींत खूप अंतर आहे. पक्कडीत बोटाची कातडी आली ते पिंच. दोनशे किलोच्या ड्रमखाली बोट सापडलं ते क्रश. बाहेरून रक्त नसलं तरी क्रशमध्ये आत हाड मोडलेलं असू शकतं, म्हणून त्याला पिंच लिहिणं म्हणजे घटना लपवल्यासारखं दिसतं.

भाजलं, पोळलं असेल तर:

बर्न हा मोठा शब्द. गरम वस्तू, आग, वीज, केमिकल, घर्षण, सगळ्याने बर्न होतो. पण गरम पाणी, तेल, चहा किंवा वाफ यांनी पोळलं तर त्याला वेगळा शब्द आहे, ‘स्कॉल्ड’. हॉटेल, वडापाव सेंटर, केटरिंगवाल्यांनी हा शब्द पाठच करा. उच्चार ‘स्कॉल्ड’ आणि रागावणं ते ‘स्कोल्ड’. बोलताना अडचण वाटली तर ‘बर्न फ्रॉम हॉट ऑइल’ म्हणा, शंभर टक्के बरोबर आहे.

दोर हातातून सरकला आणि तळहात सोलपटला, तर ‘रोप बर्न’ किंवा ‘फ्रिक्शन बर्न’. आणि बांधकाम मटेरियलवाल्यांनो, ओलं सिमेंट बराच वेळ कातडीला लागून राहिलं तर जी आग होते आणि कातडी खराब होते, ती ॲलर्जीच असते असं धरू नका. ओलं सिमेंट अल्कलाइन असतं, त्याने ‘केमिकल बर्न’ होतो. भाजल्यावर जो फोड येतो तो ‘ब्लिस्टर’. नवीन बूट चावून येतो तोही ब्लिस्टरच. म्हणून कशामुळे आला ते सोबत लिहा.

सांधा किंवा स्नायू दुखावला असेल तर:

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. स्प्रेन आणि स्ट्रेन.

स्प्रेन म्हणजे मुरगळणं. सांध्यात दोन हाडांना जोडणारा लिगामेंट ताणला जातो किंवा फाटतो. शिडीवरून उतरताना घोटा मुरगळला, ‘स्प्रेन्ड अँकल’.

स्ट्रेन म्हणजे स्नायू किंवा टेंडन ताणला जाणं. सिमेंटची गोणी उचलताना कमरेत लचक भरली, उसण भरली, ते ‘बॅक स्ट्रेन’. लक्षात ठेवायला सोपं: स्ट्रेनमधला ‘ट’ म्हणजे टेंडनचा ‘ट’.

पोटरीत गोळा आला, पेटका आला तर तो ‘क्रॅम्प’. ती थोड्या वेळात जाते, दुखापत नाही. सांधा निखळला तर ‘डिसलोकेशन’. हाड मोडलं तर ‘फ्रॅक्चर’, आणि हाडाला बारीक तडा गेला तर ‘हेअरलाइन फ्रॅक्चर’. तडा बारीक असला तरी ते फ्रॅक्चरच आहे, किरकोळ म्हणून सोडायचं नाही.

आणि एक नियम: एक्स-रे किंवा डॉक्टर येण्याआधी स्प्रेन, फ्रॅक्चर असं ठामपणे लिहू नका. आपण डॉक्टर नाही. तुम्हाला जे दिसतं आणि तो माणूस जे सांगतो, तेवढंच लिहा. ‘पेन अँड स्वेलिंग इन राइट अँकल, अनेबल टू वॉक.’ अंदाज लिहायचाच असेल तर आधी ‘पॉसिबल’ किंवा ‘सस्पेक्टेड’ लावा.

भाग २: कुठे लागलं?

मराठीत ‘हात’ म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं. इंग्रजीत तसं नाही. ‘हँड’ म्हणजे मनगटाच्या पुढचा भाग. मनगटाच्या वरचा सगळा ‘आर्म’. कोपराजवळ भाजलेल्या माणसाबद्दल ‘बर्न ऑन हँड’ लिहिलं, तर वाचणारा तळहात शोधत बसेल. तसंच ‘पाय’. घोट्याच्या खाली ‘फूट’, वर ‘लेग’. आमच्या दादांच्या रजिस्टरमधली दुसरी गडबड हीच होती.

थोडी यादी देतो. तळहात ‘पाम’, मनगट ‘रिस्ट’, कोपराखालचा हात ‘फोरआर्म’, कोपर ‘एल्बो’, दंड ‘अपर आर्म’. पायाच्या बाजूला मांडी ‘थाय’, गुडघा ‘नी’, नडगी ‘शिन’, पोटरी ‘काफ’, घोटा ‘अँकल’, टाच ‘हील’, तळपाय ‘सोल’. हाताचं बोट ‘फिंगर’, पायाचं बोट ‘टो’. पायाच्या बोटाला ‘लेग फिंगर’ असा शब्द इंग्रजीत नाही, हे आवर्जून सांगतो, कारण तो खूप ठिकाणी दिसतो.

बोटांना नंबर देऊ नका. ‘सेकंड फिंगर’ म्हणजे अंगठा धरून दुसरं की अंगठा सोडून दुसरं, यावरच वाद होईल. नावं वापरा: अंगठा ‘थंब’, तर्जनी ‘इंडेक्स’, मधलं ‘मिडल’, अनामिका ‘रिंग’, करंगळी ‘लिटल फिंगर’. आणि डावं-उजवं लिहायला विसरू नका. ते जखमी माणसाचं डावं-उजवं, तुमच्या समोरून दिसणारं नाही.

भाग ३: किती लागलं?

‘मायनर’ हा शब्द माहिती देत नाही, मत देतो. तुमचं मत. आणि मालकाने लिहिलेलं ‘मायनर’ हे त्याच्या फायद्याचं मत आहे असंच बाहेरचा माणूस समजतो. कामगारालाही वाटतं, शेठने माझं दुखणं छोटं करून टाकलं. त्याऐवजी मोजता येईल असं लिहा. कट किती लांब, अंदाजे सेंटिमीटरमध्ये. रक्त दाबून धरल्यावर किती वेळात थांबलं. टाके पडले का, किती. तो पुन्हा कामावर गेला का, कधी.

हे शेवटचं का महत्त्वाचं आहे? १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा असो किंवा त्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, दोन्हींत तीन दिवसांची रेघ आहे. दुखापतीमुळे आलेली अकार्यक्षमता, पूर्ण असो वा अंशतः, तीन दिवसांपेक्षा जास्त टिकली नाही, तर त्या दुखापतीपुरती भरपाईची जबाबदारी मालकावर येत नाही. त्यापुढे गेली की प्रश्न उभा राहतो. म्हणजे कायदा ‘मायनर’ विचारत नाही, दिवस विचारतो. म्हणून रजिस्टरमध्ये ‘बॅक टू वर्क’ची तारीख हा कॉलम हवाच.

पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीतही तसंच. आपल्याकडच्या पॉलिसीत अपघाताची व्याख्या साधारण अशी असते: अचानक, अनपेक्षित, इच्छेविरुद्ध घडलेली आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोरकस कारणाने झालेली घटना. आता तुम्ही नुसतं ‘बॅक पेन’ लिहिलं, तर ते जुनं दुखणंही असू शकतं. पण खरोखर गोणी उचलताना कळ आली असेल, तर ‘सडन पेन इन लोअर बॅक व्हाइल लिफ्टिंग अ ५० केजी बॅग’ हे त्या घटनेचं पूर्ण वर्णन झालं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. क्लेम पास व्हावा म्हणून नसलेलं लिहायचं नाही. जे झालं ते पूर्ण लिहायचं, एवढंच.

कपड्यात शोभतील तेच शब्द शरीराला लावू नका, हेही सांगतो. ‘डॅमेज’ वस्तूचं होतं: मशीन, गाडी, माल. माणसाला ‘इंजुरी’ होते. आणि ‘वूंडेड’ हा शब्द बहुतेक करून लढाई, गोळीबार, चाकूहल्ला यासाठी वापरतात. पत्रा लागून कापलेल्या माणसाला ‘वूंडेड’ लिहिलं तर वाचणारा दचकेल.

बोलताना-लिहिताना होणाऱ्या चार चुका

पहिली, ‘हर्टेड’ आणि ‘कटेड’. हे शब्द नाहीत. हर्टचा भूतकाळ हर्ट, कटचा कट.

दुसरी, ‘माय हँड इज पेनिंग’. आपल्याकडे सगळे समजतात, पण परदेशी क्लायंटला विचित्र वाटतं. ‘माय हँड हर्ट्स’ म्हणा.

तिसरी, ‘प्लास्टर’. आपल्याकडे प्लास्टर म्हणजे हाड मोडल्यावर घालतात ते. ब्रिटनमध्ये नुसतं ‘प्लास्टर’ म्हणजे चिकटपट्टी, आपण जिला बँड-एड म्हणतो ती. बँड-एड हे तर ब्रँडचं नाव आहे. गोंधळ नको असेल तर चिकटपट्टीला ‘ॲडहेसिव्ह बँडेज’ आणि दुसऱ्याला ‘प्लास्टर कास्ट’ लिहा.

चौथी, ‘ही मेट विथ ॲन ॲक्सिडेंट’. वाक्य चूक नाही, पण बोटाला कटर लागलं त्यासाठी फार जड आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ट्रक येतो. ‘ही कट हिज फिंगर अॅट वर्क’ पुरे.

एका ओळीचा फॉर्म्युला

कोण, कधी, काय करताना, कशाने, कुठे, काय झालं, काय केलं. या सात गोष्टी क्रमाने लिहा, वाक्य आपोआप बरोबर होतं. दोन उदाहरणं बघा.

नको: ‘स्मॉल इंजुरी टू हँड, ओके नाऊ.’
हवं: ‘११:२० ए.एम. व्हाइल कटिंग जीआय शीट, शीट एज कॉज्ड अ २ सीएम कट ऑन लेफ्ट इंडेक्स फिंगर. ब्लीडिंग स्टॉप्ड इन ५ मिनिट्स. क्लीन्ड अँड बँडेज्ड. नो स्टिचेस. रिझ्यूम्ड वर्क अॅट १२.’

नको: ‘लेग फ्रॅक्चर, सेंट होम.’
हवं: ‘४ पी.एम. स्लिप्ड फ्रॉम सेकंड स्टेप ऑफ लॅडर. पेन अँड स्वेलिंग इन राइट अँकल, अनेबल टू वॉक. आइस अप्लाइड. सेंट टू डॉक्टर फॉर एक्स-रे.’

सुरुवातीला ज्याचं रजिस्टर आहे त्या कामगाराचं पूर्ण नाव आणि शेवटी त्याची सही, हे धरूनच चाला. सही घेण्याआधी लिहिलेलं त्याला मराठीत वाचून दाखवा. त्याला लागलंय, बरोबर लिहिलंय की नाही हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

आणि इंग्रजी शब्द आठवतच नसेल तर? बिनधास्त मराठीत लिहा. ‘उजव्या तळपायात खिळा घुसला, साधारण एक सेंटिमीटर खोल’ ही ओळ कुठल्याही चुकीच्या इंग्रजीपेक्षा दहापट कामाची आहे. नंतर क्लेम फॉर्म भरताना भाषांतर करून घेता येतं. पण चुकीचा ‘स्क्रॅच’ नंतर खोडता येत नाही, खोडलाच तर आणखी संशय येतो.

या आठवड्याचं होमवर्क: तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त होणाऱ्या पाच दुखापती काढा. हॉटेल असेल तर स्कॉल्ड आणि कट, गोडाउन असेल तर स्ट्रेन आणि क्रश, सुतारकाम असेल तर स्प्लिंटर. प्रत्येकीचा मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि एक नमुना वाक्य एका कागदावर लिहा, लॅमिनेट करा आणि फर्स्ट एड बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. लागतं तेव्हा सगळे तोच बॉक्स उघडतात, त्यामुळे शब्दही तिथेच सापडतील. बॉक्स उघडलाच आहे तर आतल्या औषधांची एक्सपायरीही बघून घ्या.

पुढच्या व्हिडिओत भेटू, तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि दुकानातल्या पोरांचीही.